औषध म्हणू नका, विष म्हणा

(मंडळाच्या वार्षिक आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 विषय दिला आहे 'घरातील विषबाधा : धोके आणि मदत'. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, आणि गेली वीस-बावीस वर्षे बँकेत कारकुनी करीत आहोत. व्हाउचर तपासावे, नोटा मोजाव्यात, पासबुक भरून द्यावे, एवढेच आमचे काम. मग या विषयावर आम्ही का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. ही चूक आमच्या घरात घडली आहे, आणि ती आमच्याच हातून घडली आहे.

गोष्ट २००९ सालच्या उन्हाळ्याची. आमचा धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता. भाड्याच्या दोन खोल्या होत्या. घरात गॅस होता, पण सिलिंडर अचानक संपला तर अडचण नको, म्हणून रेशनचे रॉकेल थोडे ठेवीत असू. रॉकेलचा कॅन गळू लागला. आम्ही काय केले? थंड पेयाची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली होती, तिच्यात रॉकेल ओतले आणि मोरीच्या कट्ट्याखाली ठेवून दिले. झाकणही नीट बसविले नाही. रेशनचे रॉकेल निळसर असते हे आपणांस ठाऊक आहे. दोन वर्षांच्या पोराला ते सरबत वाटले, यात त्याचा काय दोष?

आम्ही कामावर होतो. आमच्या मिसेस नळावर पाणी भरत होत्या. घरात आई होती. पोर खोकत आले, तोंडाला रॉकेलचा वास. आईने तिच्या आईकडून जे शिकले होते तेच केले. मिठाचे पाणी पाजले, घशात बोट घातले आणि दोनदा उलटी काढविली. पोट साफ झाले, आता काळजी नाही, असे तिला वाटले. पण खोकला थांबेना. श्वास भराभर चालू लागला. निरोप आला तसे आम्ही धावत घरी आलो आणि जवळच्या एका खाजगी दवाखान्यात पोराला घेऊन गेलो. तेथे काउंटरवरच सांगण्यात आले, "ही पोलीस केस आहे, सरकारी दवाखान्यात न्या." मग ऑटो शोधा, पैसे बघा. सरकारी रुग्णालयात पोहोचेपर्यंत तासाच्या वर वेळ गेला.

तेथील डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. काय प्यायला? किती प्यायला? केव्हा प्यायला? आणि मग चौथा प्रश्न विचारला, "उलटी कोणी करविली?" आमच्यापैकी कोणीही बोलले नाही. आई पदर तोंडाला लावून कोपऱ्यात उभी होती. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले की रॉकेल पोटात जाऊन जेवढे नुकसान करते, त्याहून अधिक नुकसान ते फुप्फुसात शिरून करते; आणि उलटी होताना ते फुप्फुसात शिरण्याची पुन्हा एक संधी मिळते. पोराला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस आम्ही त्या वॉर्डात काढले. ऑक्सिजनच्या नळीकडे बघत बसलो.

पोरगा वाचला. आज तो कॉलेजात आहे. आई आता नाही. पण शेवटपर्यंत घरात कोणाला बरे नसले, की ती मागे सरून उभी राहायची. "मले काही समजत नाही, तुम्हीच पाहा," असे म्हणायची. चूक तिची नव्हती. तिला कोणी सांगितलेच नव्हते. बाटली भरणारा हात आमचा होता, शिकलेला हात होता. म्हणून आज जे काही आम्ही सांगणार आहोत ते शहाणपण मिरविण्यासाठी नव्हे. त्या दिवशी आईला हे कोणी आधी सांगितले असते तर किती बरे झाले असते, एवढ्याच भावनेने सांगत आहोत.

बंधू-भगिनींनो, आपल्या बोलण्यातला एक शब्द बघा. आपण उंदराचे 'औषध' म्हणतो, ढेकणांचे 'औषध' म्हणतो, कपाशीवर फवारायचे 'औषध' म्हणतो. गव्हात ठेवायच्या गोळ्यांनाही 'औषध'च म्हणतो. आणि खोकल्याचे, तापाचे, ते देखील औषधच. घरात मोठ्या माणसाने "ते औषध आण रे कपाटातले" म्हटले, तर पोराने कोणती बाटली आणावी? जी वस्तू मारते तिला आपण बरे करणाऱ्या वस्तूचे नाव दिले आहे. नाव गोड झाले की भीती जाते, आणि भीती गेली की ती वस्तू साखरेच्या डब्याशेजारी जाऊन बसते. आमची पहिली विनंती अशी की घरात हा शब्द बदला. उंदराचे विष म्हणा, फवारणीचे विष म्हणा. लहान मुलांच्या कानांवर हाच शब्द पडू द्या.

आता आपण मनाने आपल्याच घरातून एक फेरी मारू.

पहिली जागा मोरी आणि संडास. येथे फिनेल असते, फरशी व संडास साफ करण्याचे ॲसिड असते, कपड्यांचा ब्लीच असतो. ॲसिड पोटात गेले तर तोंड, घसा आणि अन्ननलिका जळते. दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. संडास अधिक स्वच्छ व्हावा म्हणून काहीजण ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओततात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद, लहान संडासात त्याने जीव गुदमरतो. एका वेळी एकच वस्तू वापरावी, भरपूर पाणी ओतावे आणि दार उघडे ठेवावे. सोबत सांगतो, ज्या न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे आणि हवा जाण्यायेण्यास वाट नाही, तेथे कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. थंडीत दार-खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपणाऱ्यांनाही हाच धोका असतो.

दुसरी जागा स्वयंपाकघर. येथे विष आपण स्वतः नेऊन ठेवतो. बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी एका प्राथमिक शाळेत मुलांनी दुपारचे जेवण घेतले आणि २३ मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. कोणाची लेकरे होती ती? आपल्यासारख्याच गरीब घरची होती. यास्तव एक नियम पक्का करा. विषाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला, तरी तो तेलाला नाही, पाण्याला नाही, धान्यालाही नाही. तो धुऊन स्वच्छ होत नाही. त्याला भोके पाडावीत, म्हणजे कोणी वापरणार नाही. आणि उलट नियमही तितकाच पक्का करा. खाण्यापिण्याच्या बाटलीत विष भरावयाचे नाही. आमच्या घरी हाच नियम मोडला गेला होता.

धान्याच्या कोठीत ठेवण्याच्या गोळ्यांबद्दल विशेष सांगावेसे वाटते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या हवेतील ओलाव्याने विषारी वायू सोडतात. ज्या खोलीत माणसे झोपतात त्या खोलीत त्या ठेवणे म्हणजे कुटुंबाला त्या वायूत झोपविणे होय. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. घरच्या पायलीभर गव्हाला कडक ऊन आणि कडुनिंबाचा पाला पुरे आहे. ढेकणांसाठी तर या गोळ्या मुळीच वापरू नयेत.

तिसरी जागा कपाट आणि भिंतीवरची फळी. येथे माणसांची औषधे असतात, पण तीही मुलांसाठी विष ठरू शकतात. गरोदर बायांना मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या मुलांना चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या दिसतात, आणि जास्त खाल्ल्या तर जिवावर बेततात. आजोबांची साखरेची गोळी नातवाने गिळली तर त्याची साखर एकदम खाली जाते आणि ते झोपेत असल्यासारखे पडून राहते. तापाची पॅरासिटामॉलची गोळी आपण फार साधी समजतो. ती प्रमाणाबाहेर गेली तर पहिल्या दिवशी विशेष काहीच दिसत नाही, आणि दोन-चार दिवसांनी यकृत निकामी होऊ लागते. यावर उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत मिळाला तर उत्तम काम करतो. म्हणून "पोर खेळतेय, काही झाले नाही" असे म्हणून घरी बसू नये. आणि गोळी देताना मुलाला "चॉकलेट आहे, खा" असे कधीही सांगू नये.

त्याच कपाटात डांबरगोळ्या असतात, कापूर असतो. थोडासा कापूरही लहान मुलाला काही मिनिटांत झटके आणू शकतो. डांबरगोळी पोटात गेली, किंवा डांबरगोळ्यांत वर्षभर ठेवलेले कपडे न धुता, ऊन न दाखविता नवजात बाळाला गुंडाळले, तर काही बाळांचे रक्त फुटते आणि बाळ पिवळे पडते. बाळंतिणीची गोधडी, बाळाची टोपडी ट्रंकेतून काढली की आधी धुऊन वाळवावी. घड्याळाची, रिमोटची, खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी हे नव्या काळाचे विष आहे. ती मुलाच्या अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही भाजून जखम करते. वाट न पाहता एक्स-रे काढावयास न्यावे.

मिश्री, तंबाखू, खर्रा या वस्तू आपल्या उशाशी, कमरेच्या चंचीत, दाराच्या खिळ्याला लटकवलेल्या पिशवीत असतात. रांगते मूल त्या तोंडात घालते. लहानग्याला एवढाही तंबाखू उलट्या आणि झटके आणू शकतो. मोठ्यांनी सोडावे हे तर उत्तमच, पण सोडेपर्यंत निदान उंचावर ठेवावे.

चौथी जागा अंगण. एरंडाच्या बिया, चंद्रज्योती म्हणजे मोगली एरंडाच्या बिया, पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, धोत्र्याचे काटेरी फळ, लाल-काळी गुंज या साऱ्या खेळण्याच्या वस्तू म्हणून मुले गोळा करतात. शेंगदाणा समजून चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्या आणि अर्धा वर्ग उलट्या करीत दवाखान्यात गेला, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. बिट्टीची बी तर हृदयाची गती बिघडविते. झाडे तोडा असे आम्ही म्हणत नाही. मुलांना झाड दाखवून त्याचे नाव सांगा आणि "हे खायचे नाही" एवढे शिकवा.

पाचवी जागा आपल्या भागातल्या शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांना ठाऊक आहे. ती म्हणजे फवारणीचा डबा आणि पंप. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांनी विष प्यायले नव्हते. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात गेले होते. फवारणीहून आलेला माणूस त्याच कपड्यांनी खाटेवर बसतो, पोर मांडीवर घेतो, तेच कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुतले जातात. कपडे बाहेर काढावेत, वेगळे धुवावेत, साबणाने अंघोळ करूनच घरात पाऊल टाकावे. फवारणीनंतर तोंडाला लाळ सुटणे, फार घाम, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, अंधुक दिसणे, जुलाब, छाती भरून येणे ही लक्षणे दिसली तर "ऊन लागले" म्हणून झोपून राहू नये. यावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन असते, आणि ते वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो.

डब्यावर कोनावर उभा असलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याचा खालचा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा मात्र कोणी अर्थ काढू नये. विषच ते, फक्त कमी तीव्र. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही हा रंग समजतो, म्हणून घरातल्या आजीलाही तो शिकवावा.

आता मुख्य प्रश्न. घडू नये ते घडलेच, तर काय करावे?

प्रथम काय करू नये ते सांगतो, कारण आपण गडबडीत तेच करतो. उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका, मोहरीचे पाणी, साबणाचे पाणी, ताक, लिंबू, तूप काही देऊ नका. रॉकेल, पेट्रोल, थिनर उलटीबरोबर फुप्फुसात जाते. ॲसिड येताना घसा पुन्हा जाळते. अर्धवट शुद्धीतला माणूस उलटीने गुदमरतो. काही विषांत दूध-तुपासारख्या स्निग्ध पदार्थांनी विष अंगात लवकर भिनते. मिठाच्या पाण्याने तर स्वतंत्रपणे जीव गेल्याची उदाहरणे आहेत. पूर्वीच्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत उलटी करविण्याचा सल्ला असे. पण ज्ञान पुढे जाते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००३ साली उलटीचे औषध घरात ठेवू नये असे सांगून टाकले. मग आपणही जुने पान उलटले पाहिजे.

आता काय करावे. विष पोटात गेले असेल तर तोंडात उरलेले बोटाने किंवा फडक्याने काढा, चूळ भरायला लावा. बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. डोळ्यांत गेले असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवा. चोळू नका. अंगावर सांडले असेल तर कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हाताला प्लॅस्टिकची पिशवी तरी बांधावी, नाहीतर विष त्यालाही लागेल. वायू असेल तर दारे-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा. आत जाताना स्वतःचा जीव सांभाळा, कारण एकाला काढायला गेलेले दोघे तेथेच पडल्याच्या घटना घडतात.

आणि सोबत तो डबा, ती बाटली, गोळ्यांचे पाकीट, झाडाची बी घेऊन जा. आमच्या बँकेत व्हाउचरशिवाय नोंद होत नाही, तसे दवाखान्यात डब्याशिवाय निदानाला उशीर होतो. काय, किती आणि केव्हा या तीन प्रश्नांची उत्तरे वाटेतच पाठ करा. रॉकेल प्यालेले मूल सुरुवातीला बरे दिसले तरी निदान सहा तास डॉक्टरांच्या देखरेखीखाली असावे. उंदराच्या विषाच्या काही प्रकारांत माणूस दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो आणि मग एकाएकी ढासळतो. "आता बरे वाटते" म्हणून डॉक्टरांनी सोडण्याआधी कोणालाही घरी आणू नका.

मदत कोठे मिळते? नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालते. त्याचा मोफत दूरध्वनी क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे. रात्रंदिवस तेथे माहिती देणारे असतात. सामान्य माणूसही विचारू शकतो, आणि गावातल्या डॉक्टरांनाही हा क्रमांक उपयोगी पडतो. रुग्णवाहिकेसाठी आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ हा क्रमांक आहे. कोणत्याही संकटासाठी ११२ आहे. गाडी यायला वेळ लागणार असेल आणि दारात दुसरे वाहन असेल तर त्यानेच निघा, पण निघताना ग्रामीण रुग्णालय, जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, यांपैकी सर्वांत जवळचे गाठा. मांत्रिक, झाडपाला, उतारा यांत एक मिनिटही घालवू नका.

जवळ खाजगी दवाखाना असेल तर तेथेही प्रथमोपचार मिळण्याचा आपला हक्क आहे. आम्हांला २००९ साली 'पोलीस केस' म्हणून दारातून परत पाठविले, तेव्हा आम्ही मुकाट्याने परतलो, कारण आम्हांला कायदा ठाऊक नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच स्पष्ट सांगितले आहे की, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे, पोलिसांचे सोपस्कार त्यानंतर. हा निकाल आमच्या प्रसंगाच्या वीस वर्षे आधीचा. आपण शिकतो ते कशासाठी? आपला हक्क नेमका गरजेच्या वेळी तोंडावर यावा यासाठी. हे वाक्य पाठ करा, "आधी उपचार करा, पोलिसांना आम्ही थांबतो."

आता एक अवघड गोष्ट बोलावयाची आहे. प्रत्येक विषबाधा चुकून होत नाही. आपल्या भागात "औषध घेतले" या दोन शब्दांचा अर्थ सर्वांना कळतो. आम्ही बँकेत असतो. थकबाकीची नोटीस आमच्याच टेबलावरून जाते. ती नोटीस हातात घेऊन काउंटरपुढे गप्प उभा राहिलेला माणूस आम्ही पाहिला आहे. त्याला आम्ही "साहेबांना भेटा" एवढेच सांगतो, आणि तो निघून गेला की दिवसभर आम्हांला चैन पडत नाही. आम्हांला आता एवढे समजले आहे की ती वेळ बहुधा थोडी असते. ती टळली तर माणूस टिकतो, पुढे आयुष्य काढतो. त्या वेळी विष हाताशी नसणे, आणि कोणीतरी शेजारी बसलेले असणे, या दोन गोष्टींनी जीव वाचतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात खाली आले, याचा अर्थ हाच आहे.

म्हणून कोणी खचलेला दिसला तर विचारा. "जिवाचे काही बरेवाईट करावेसे वाटते का?" असे सरळ विचारले म्हणून कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट मन मोकळे होते. बोलण्यासाठी शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६. आणि कोणी विष घेतलेच असेल, तर इभ्रतीपोटी किंवा पोलिसांच्या भीतीपोटी डॉक्टरांपासून लपवू नका. "चुकून प्यायला" असे खोटे सांगून उपचार चुकू देऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे मानावे, त्याला शिक्षा करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने कलम ३०९ राहिलेलेच नाही. तो गुन्हेगार नव्हे, आजारी माणूस आहे. दवाखान्यातून परतल्यावर त्याला टोमणे नकोत, त्याच्याकडे जाणारे पाय हवेत.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. बँकेतल्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. पैशाला आपण एवढे जपतो, मग विषाला का नाही? पहिली सूचना अशी की फवारणीचे विष ज्यांच्या घरी असते त्यांनी ते कुलपाच्या पेटीत, राहत्या खोलीबाहेर ठेवावे, आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावी. उरलेले विष पुढच्या हंगामासाठी साठवू नये, लागेल तेवढेच आणावे. पाच-सात घरांनी मिळून एकच पेटी केली तरी चालेल.

दुसरी सूचना, १८०० ११६ ११७, १०८, ११२ आणि १४४१६ हे चार क्रमांक मोठ्या अक्षरांत छापून मंडळाने प्रत्येक घरी द्यावेत. ते दारामागे चिकटवावेत आणि या सभागृहाच्या फलकावर कायम लिहून ठेवावेत. छपाईचा खर्च आम्ही आनंदाने उचलू. तिसरी सूचना, वस्तीत ज्यांच्याकडे ऑटो, जीप, मोटार आहे त्यांची नावे लिहून रात्रीची पाळी लावावी. दर रात्री एक वाहन तयार असावे. आमचा तासभर त्या दिवशी वाहन शोधण्यात आणि दारे ठोठावण्यात गेला, तो दुसऱ्या कोणाचा जाऊ नये.

आणि माता-भगिनींनो, आपणांस एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर चहा ठेवण्याआधी मोरीच्या कट्ट्याखाली वाकून बघा. तेथे पाण्याच्या, सरबताच्या, थंड पेयाच्या बाटलीत जे काही भरून ठेवलेले असेल ते आजच काढा. उद्यावर टाकू नका. आम्हीही "उद्या नवा कॅन आणू" असेच म्हटले होते.